चांगुणाची रेघ

शेतं पिवळी पडायला लागली की मुरबाडचा रस्ता मी टाळते. मी राहते त्या शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत एसटी जाते तेव्हा दोन्ही अंगांना भात वाकलेलं असतं, कुठे कापून आडवं पसरलेलं असतं, आणि खिडकीतून पेंढ्याचा उबट, थोडा आंबूस वास येतो. शेजारी बसलेल्या बायका तो वास छातीत भरून घेतात. "औंदा भात बरा हाय," असं कोणीतरी कोणाला तरी सांगतं. माझी मात्र मान खाली जाते. ह्या वासाला माझी एक लाज चिकटली आहे आणि ती दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास पिकायला येते.

ह्या वर्षीही आलीच. परवा नाइलाजाने त्या रस्त्याने जावं लागलं आणि सरळगावच्या पुढे एका बाईने रस्त्याकडेला भारा उतरवताना मानेवरचं कुसळ झटकलं. एवढंच पाहिलं. बाकीचं सगळं आपोआप मागून आलं.

सहा वर्षांपूर्वी मी मुरबाडला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत असे. एसटी स्टँडजवळ शेतीच्या अवजारांचं दुकान होतं, त्याच्या वर दोन खोल्या. कापणीच्या दिवसांत खाली विळ्यांना धार लावायचं चाक सतत फिरायचं. त्या करकरीवर आवाज चढवून मी वर वेबपान कसं बनवायचं ते सांगायचे. बॅचमध्ये बहुतेक नुकती बारावी झालेली मुलं-मुली होती, आणि एक चांगुणा.

टोकावड्याच्या पुढे रस्ता सोडून डोंगराकडे वळलं की तिचा पाडा. ती तिथल्या अंगणवाडीत मदतनीस होती. लग्नानंतर, दोन मुली झाल्यावर तिने बारावी केली होती. पुढे काही येईल ते शिकायचं म्हणून क्लासला येत होती. सकाळी शेतात हात मारून दुपारच्या गाडीने यायची. बोटांवर विळ्याचे बारीक काप, केसांत भाताचा तूस. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठीच असेल. पण ती मला मॅडम म्हणायची आणि मी तिला सरळ चांगुणा, अगं-तुगं. त्यात काही चुकतंय असं तेव्हा मनातही आलं नाही.

एक दिवस वेळ उरला म्हणून मी अभ्यासक्रमात नसलेली एक गंमत दाखवली. आकड्यांनी चित्र काढायची एक भाषा असते, एसव्हीजी. तिच्यात एखादा फिल्टर, म्हणजे गोष्टीचं दिसणं बदलणारी सूचना, लिहून ठेवायचा, त्याला नाव द्यायचं, आणि पानाची सजावट ठरवणाऱ्या स्टाइलशीटमध्ये एका ओळीत सांगायचं की हा फिल्टर त्या टेबलाला, म्हणजे तक्त्याला, लाव, त्या परिच्छेदाला लाव. पानावरची अगदी साधी गोष्ट चित्रासारखी वागायला लागते. तिच्यावर सावली पडते, ती धूसर होते, गोल कापली जाते. आणि तरी टेबल टेबलच राहतं, अक्षरं अक्षरंच राहतात. मूळ मजकुराला धक्का लागत नाही, बदलतं ते फक्त दिसणं. मी हे इंटरनेटवर वाचून आठवडाही झाला नव्हता, पण दाखवताना आवाज असा लावला होता की जणू वर्षानुवर्षं करते आहे.

मुलं हसली, आपापली नावं धूसर करून पाहिली. चांगुणा पडद्याकडे बघत राहिली.

"मॅडम, ह्या टेबलाची बॉर्डर लय सरळ हाय," ती म्हणाली.

"बॉर्डर सरळच असते."

"भिंतीवर अशी येत नाय. आमच्यात लग्नघरी भिंत सारवून पिठाच्या रेघा काढतात ना. माझी आय काढायची, आता मला बोलवतात. बोट पिठात बुडवलं की पहिली रेघ जाड येते, मंग बारीक होत जाते. मधी हात हालतो. हिच्यात हात कुठं दिसत नाय." मग जरा थांबून म्हणाली, "हिला हालवता येईल का?"

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. एक फिल्टर नुसता गोंधळ तयार करतो, पाण्यावरच्या तवंगासारखा, आणि दुसरा त्या गोंधळाच्या मापाने समोरची गोष्ट हलवतो. "बघ करून," असं म्हणून मी फळा पुसला.

ती पुढचे आठ-नऊ दिवस तेच करत बसली. तीन नंबरच्या मशीनवर, खिडकीजवळ. तिने अंगणवाडीतल्या मुलांच्या आठवड्याच्या जेवणाचं टेबल घेतलं होतं: सोमवारी काय, मंगळवारी काय, आणि डाव्या बाजूला मुलांची नावं. त्या टेबलाला तिने फिल्टर लावला तर बॉर्डरीबरोबर नावंही तरंगायला लागली. "पोरांची नावं वाचता येईनात," ती स्वतःशीच बोलली. मी म्हटलं, मग राहू दे. तिने राहू दिलं नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर नावं स्थिर होती आणि रेघा तेवढ्या थरथरत्या दिसत होत्या. तिने टेबलाची बॉर्डर काढून टाकली होती. टेबलामागे एक रिकामी चौकट ठेवली होती, बॉर्डर तिला दिली होती, आणि फिल्टर त्या रिकाम्या चौकटीलाच लावला होता. हे मी शिकवलं नव्हतं. मला ते सुचलंही नसतं.

मग जाडी. एकच गोंधळ वापरला तर रेघ नुसती वेडीवाकडी व्हायची. तिने दोन वापरले. एक मोठा, सावकाश, हाताच्या हलण्यासारखा. दुसरा बारीक, पिठाच्या कणांसारखा, रेघेची कड खाणारा. आकडे ती वहीत मांडायची. एक बदलायची, पडद्यापासून लांब उभी राहून बघायची, परत बसायची. खाली चाक करकरत असायचं. एका दुपारी ती लांब उभी राहिली आणि परत बसायला गेलीच नाही.

"आता आयची वाटते," ती म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. पांढऱ्या रेघा, गेरूच्या रंगावर. जिथे सुरू होत तिथे भरलेल्या, पुढे पीठ संपत आल्यासारख्या विरळ. पान लहानमोठं केलं तरी रेघ तुटत नव्हती. ते एक साधं टेबल होतं, आणि त्यात कोणाचा तरी हात दिसत होता. मी म्हटलं, "छान." एवढंच म्हटलं. तरी नजर त्या रेघेवरून हलेना. त्याला तेव्हा मी कौतुक समजले. आज त्याचं नाव मला ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या एका कंपनीची जाहिरात मी जपून ठेवली होती. अर्जासोबत स्वतः केलेलं एखादं वेगळं काम पाठवा, असं त्यात होतं. माझ्याकडे वेगळं काही नव्हतं. होती ती सरळ, नीटनेटकी, कुठल्याही पुस्तकात सापडतील अशी पानं. दुपारी वर्ग सुटला, सगळी गाड्या पकडायला गेली. मी तीन नंबरच्या मशीनला पेन ड्राइव्ह लावला. नुसतं पाहायला घेते, असं स्वतःला सांगितलं. घरी येऊन मुलांची नावं काढली, जेवणाचे वार काढले आणि त्या रेघांच्या आत माझं नाव, माझं शिक्षण, माझा अनुभव लिहिला. फार वेळ लागला नाही. तिने टेबल आणि रेघ इतक्या स्वच्छपणे वेगळी ठेवली होती की मजकूर बदलणं अगदी सोपं गेलं.

दोन दिवसांनी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले होते, घाईत होते. चांगुणाने मागितलेलं पान नेमून दिल्याप्रमाणे केलं होतं, फक्त चौकटीला आपली रेघ लावली होती. परीक्षक वाकून बघत म्हणाले, "ह्या बॉर्डर अशा का तुटल्यात? कोड चुकलाय का?"

चांगुणाने माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर येत होतं, पण साहेबासमोर ते आपण द्यावं की मॅडमनी, हे तिला कळत नव्हतं. मी तिच्या खुर्चीच्या मागे हातभर अंतरावर उभी होते. सर, हे तिने मुद्दाम केलंय, कसं केलंय ते तिला विचारा: एवढं म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर ते तिचं आहे हे एका माणसासमोर पक्कं झालं असतं, आणि अर्ज तर गेला होता. मी हजेरीच्या कागदांकडे बघत राहिले. परीक्षकांनी गुण कापले आणि ते पुढच्या मशीनकडे सरकले. ती पास झाली, कशीबशी. निकाल न्यायला आली तेव्हा "येते मॅडम" म्हणाली आणि जिना उतरून गेली. मी गॅलरीतून पाहिलं. ती खालच्या दुकानात विळा धारेला देत होती.

मला मुलाखतीला बोलावलं. समोर दोघे होते. त्यांनी रेघ मोठी करून पाहिली आणि विचारलं, "हे कसं सुचलं?"

"आमच्याकडे लग्नात भिंतीवर पिठाने काढतात," मी म्हणाले. "माझी मावशी काढायची. लहानपणी मी तिच्या शेजारी बसून बघायचे."

माझी मावशी डोंबिवलीत ब्लाउज शिवते. तिने उभ्या आयुष्यात भिंतीला बोट लावलेलं नाही. पण वाक्य तोंडातून इतकं सहज निघालं की मला क्षणभर ती मावशी दिसलीसुद्धा, पिठाची वाटी घेऊन बसलेली. नोकरी मिळाली.

पुढच्या काही वर्षांबद्दल सांगण्यासारखं असं की रेघ फार आवडली. लग्नपत्रिकांच्या पानांवर गेली, तांदूळ विकणाऱ्या एका दुकानाच्या पानावर गेली. नवी मुलं कामाला लागली की साहेब मला सांगायचे, ह्यांना तुझी रेघ समजावून दे. मी उभी राहून समजावत असे: मजकूर वेगळा ठेवा, मागे रिकामी चौकट ठेवा, फिल्टर तिला लावा. आणि शेवटी मावशीची गोष्ट. पहिल्यांदा सांगताना कान तापले होते. नंतर नंतर तापेनासे झाले, आणि मला वाटतं तीच सगळ्यात वाईट गोष्ट होती. फक्त कापणीच्या दिवसांत ठाण्याहून घरी येताना शहापूरच्या अलीकडे लोकल थांबली आणि उघड्या दारातून तो पेंढ्याचा वास आला की मी हातातल्या मोबाइलमध्ये उगाच काहीतरी शोधायला लागायचे.

गेल्या वर्षी, ऐन कापणीत, चांगुणाचा मेसेज आला. तांदळाच्या त्या दुकानाच्या पानाचा फोटो तिने काढून पाठवला होता, तळाशी माझं नाव दिसेल असा. खाली लिहिलं होतं: "मॅडम तुमची रेघ बघितली. तुमी आमाला शिकवलेली. मुलीला दाखवली, बोलले ह्या माझ्या मॅडम."

मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. मग हात जोडल्याचं. मग ते पुसायला गेले, पण तिने तोवर पाहिलं होतं.

शिव्या दिल्या असत्या तर मी बहुधा बचाव केला असता. माणूस बचाव करायला तयारच असतो. मी फिल्टर दाखवला नसता तर तिला तो कुठून कळला असता, वगैरे वाक्यं माझ्याकडे तयार होती. पण तिने ती रेघ आपण होऊन मला देऊन टाकली होती. वर मुलीला अभिमानाने दाखवली होती. आठवडाभर मी जेवताना ताटाकडे बघायचे आणि तो मेसेज आठवायचे. मग एका रविवारी सकाळी शहापूरहून निघाले.

पाड्यावर पोचले तेव्हा ती शेतात होती. आभाळ भरून आलं होतं आणि कापलेलं भात भिजायच्या आत गोळा करायची सगळ्यांची धांदल चालली होती. मला बघून ती कमरेला हात लावून उभी राहिली.

"मॅडम? इकडं कुठं?"

"चांगुणाताई, तुमच्याशी बोलायचं होतं."

'ताई' आणि 'तुमच्याशी' ऐकून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी बांधावर बसले नाही, उभीच राहिले. सगळं सांगितलं. पेन ड्राइव्ह, अर्ज, नोकरी.

ती भाताच्या मूठ-मूठ जुड्या गोळा करत ऐकत होती. "पण तुमीच दाखवलं ना," ती म्हणाली. "मंग तुमचंच झालं. त्याचं काय एवढं?"

तिथे थांबता आलं असतं. माझ्या मनात तो विचार आला, हेही सांगायला हवं. पण मी पुढचं बोलले: मुलाखतीत काय सांगितलं ते.

तिचे हात थांबले. "मावशी? कोणाची मावशी?"

"माझी. म्हणजे अशी कोणी नाही. मी तुमच्या आईचं तिच्या नावावर सांगितलं."

पलीकडच्या शेतातून कोणीतरी "बिगी करा गो, येतोय," म्हणून ओरडलं. तिने आभाळाकडे पाहिलं आणि परत वाकून जुड्या उचलायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या परीक्षेला ते सर बोलले, रेघ तुटली. तुमी मागंच उभ्या होतात. तुमी काय बोलला नाय, तर मला वाटलं चुकलंच आपलं. घरी वहीत आकडे होते. ती वही मी चुलीत घातली. क्लासमधली फाइल तर आदल्या दिवशीच तुमी सगळ्यांना पुसायला लावलेली, मशीन रिकामं पायजे म्हणून."

ते मी विसरले होते. खरंच विसरले होते.

"त्याच्यानंतर मी काय केलं नाय कॉम्प्युटरवर," ती म्हणाली. "म्हटलं, आपलं ते काम नाय."

मी काय काय बोलले ते आठवलं तरी आता नकोसं होतं. ऑफिसात सगळ्यांना खरं सांगते म्हणाले. तुमचं नाव लावायला सांगते म्हणाले. तुम्ही ठाण्याला या, सगळ्यांसमोर तुम्हीच समजावून सांगा, मी शेजारी उभी राहते.

तिने भारा बांधता बांधता दोरी ओढून धरली. आवाज चढवला नाही.

"मी कशाला येऊ मॅडम? तुमाला बरं वाटावं म्हणून?"

थेंब पडायला लागले तसा मी एक भारा उचलायला हात घातला. "राहू द्या, सुटेल," म्हणत तिने तो स्वतः डोक्यावर घेतला. दोन पावलं जाऊन वळली.

"नाव टाकायचं तर टाका. नसलं तरी चालेल. पण ती मावशी काढा." आणि मग, जरा वेळाने, "फाइल तुमच्याकडं अजून हाय का? माझी, पहिली?"

"आहे."

"ती आणून द्या."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. मला वाटलं होतं निदान ते रागावतील. ते हसले, म्हणाले, ह्या धंद्यात कोण कोणाचं घेत नाही, एवढं काय मनाला लावून घेतेस. चहा मागवला. मी कोडच्या वर तिचं पूर्ण नाव आणि पाड्याचं नाव लिहिलं, पानांच्या तळाशीही लिहिलं. नव्या मुलांना एकत्र बसवून खरं काय ते सांगितलं. एका मुलीने खाली पाहिलं, बाकीच्यांनी मोबाइल. मला शिक्षा हवी होती बहुतेक, आणि ती देण्याइतकं कोणालाच ते महत्त्वाचं वाटलं नाही. कोणाचं तरी काहीतरी घेतलं होतं, हे मनाला लागलेल्या दोनच बायका होत्या. त्यांतली एक मी.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन पुन्हा गेले. ऊन पडलं होतं. खळ्यावर झोडणी चालली होती, तुसाचा धुरळा अंगणभर तरंगत होता. चांगुणा हात धुऊन पडवीत आली. थोरली मुलगी शेजारी येऊन बसली, तिलाही काय झालं ते माहीत असावं, कारण ती मला मॅडम म्हणाली नाही.

मी फाइल उघडली. सोमवार, मंगळवार, मुलांची नावं. मागे तिच्या रेघा. चांगुणाने पडदा जरा मागे कलवला आणि लांब सरकून पाहिलं. नावांवरून बोट फिरवत मुलीला म्हणाली, "हा गणू, आता पाचवीला हाय. ही सुरेखा." रेघेबद्दल एक शब्द बोलली नाही.

मी ती फाइल तिच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवली. उघडते का ते त्यांनी दोनदा पाहिलं. मग चांगुणा म्हणाली, "आता तुमच्याकडची पुसा."

मी फाइल निवडली आणि पुसली.

"गेली?"

"गेली."

तिने माझ्या हाताखालून लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. इतक्या वर्षांनी हात लावत होती, माउस नव्हता, बोट थोडं चाचपडलं. तिने पडद्यावरची कचरापेटी शोधली आणि उघडली. फाइल तिथे होती. तिने ती तिथूनही पुसली, पेटी पुन्हा उघडून रिकामी आहे याची खात्री केली, लॅपटॉप मिटून माझ्यासमोर ठेवला आणि खळ्यावर निघून गेली.